राक्षसाचा पत्ता एकच ठेवा

१९९३ सालचा ‘डूम’ गेम आपण होस्टेलवर आजही खेळतो. त्याची माहिती विकीवर टाकायला बसलो आणि प्रत्येक लेव्हलच्या पानावर राक्षसांची सगळी माहिती उतरवली. इम्पची हेल्थ ६०. एका पानावर चुकून ६०० टाइप झाली. ती वाचून एका मित्राने साध्या इम्पवर रॉकेटं उडवली!

सुट्टीत उमरी स्टेशनवर वेळापत्रक बघताना डोक्यात प्रकाश पडला. देवगिरी एक्सप्रेस उमरीहून जाते. पण तिचा नंबर गाडीचा, स्टेशनचा नव्हे. वेळ मात्र गाडी आणि स्टेशन या जोडीची.

इथेही तसंच. हेल्थ राक्षसाच्या पानावर, एकदाच: इम्प ६०, कॅकोडीमन ४००, बॅरन १०००. नकाशा, चाव्या, गुप्त खोल्या लेव्हलच्या पानावर. राक्षसांची संख्या जोडीची. ती डिफिकल्टीप्रमाणे बदलते, हेल्थ बदलत नाही. म्हणून संख्येचा तक्ता लेव्हलच्या पानावर द्यायचा आणि राक्षसाच्या नावाला त्याच्या पानाची लिंक.

डीबीएमएसमधलं नॉर्मलायझेशन ते हेच. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, कळलं आत्ता. एक गोष्ट एकाच जागी लिहा, म्हणजे चूक सुधारायलाही एकच जागा.