माशांच्या औषधाचा हिशेब

परीक्षा संपल्या की पुष्कळ घरांत हट्ट सुरू होतो, मासे हवेत! मग ‘दोन बाय एक बाय एक’ची टाकी येते, गप्पी-मॉली येतात आणि काही दिवसांत एखाद्याच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. पोर रडवेलं होतं. तुम्ही दुकानातून औषधाची बाटली आणता. आईबाबांनो, ती उघडण्याआधी जरा बसा, बोलू.

बहुतेक घरांत हे औषध अंदाजपंचे पडतं. ‘चार थेंब टाक, अजून दोन टाक.’ पण मासा त्याच पाण्यात श्वास घेतो. मात्रा जास्त झाली तर त्याला जायला दुसरी जागा नाही. आणि मात्रा ठरते ती टाकीतल्या पाण्यावरून, मासे किती आहेत यावरून नव्हे.

दुकानातली दोन फुटी टाकी काठोकाठ भरली तर साधारण 56 लिटरची. पण काठोकाठ कोण भरतं? पट्टी घेऊन आतून मोजा. लांबी 60, रुंदी 30, तळापासून पाणी 25 सेंटीमीटर. गुणाकाराला 1000 ने भागलं की 45 लिटर. त्यातून खडी-दगडांनी अडवलेली जागा वजा करा, उरतं 40 च्या आसपास. लेबलवर ‘10 लिटरला 1 मिली’ असेल तर औषध 4 मिली. 56 धरून घातलंत तर साडेपाचच्या वर, म्हणजे चाळीस टक्के जास्त! थेंबांवर विसंबू नका, ड्रॉपरगणिक थेंब लहानमोठा होतो, सिरिंज घ्या. बाटली परदेशी असेल आणि मात्रा गॅलनमध्ये असेल, तर अमेरिकन गॅलन 3.8 लिटरचा आणि ब्रिटिश साडेचारचा, हेही बघा.

हे गणित मुलाला करू द्या. तुम्ही वेगळ्या कागदावर करा आणि मग दोन्ही ताडून पाहा. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर मात्रा दहापट होते, आणि ही चूक मोठ्यांकडूनही होते. पुस्तकातल्या हौदांपेक्षा हा घनफळाचा धडा मला जास्त खरा वाटतो.

खरी घसरण दुसऱ्या दिवशी होते. ठिपके तसेच दिसतात, मूल म्हणतं, ‘बाबा, अजून टाका ना.’ टाकू नका. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या त्वचेखाली असतो तोवर औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो गळून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती नवा मासा शोधत पोहू लागतात, तेव्हाच औषध त्यांना गाठतं. म्हणून मात्रा तीच ठेवून लेबलवर लिहिल्या अंतराने पुन्हा द्यायची असते. थंड पाण्यात हे चक्र रेंगाळतं, तेव्हा उपचारही लांबतो. मध्ये 10 लिटर पाणी बदललंत, तर भर फक्त त्या 10 लिटरच्या औषधाची.

फिल्टरमध्ये कोळसा असेल तर आधी काढा, तो औषध शोषून घेतो. एअर पंप चालू राहू द्या. टाकीत गोगलगाय किंवा कोळंबी असेल तर तांब्याचं औषध नकोच, ती मरतात. आणि मासा नुसताच मलूल असेल, अंगावर काही नसेल, तर आधी पाण्यातला अमोनिया तपासा. अशा वेळी थोडं पाणी बदलणंच पुष्कळदा कामी येतं. नवं पाणी नळाचं असेल तर त्यातलं क्लोरीन मात्र घालवून घ्या.

मुलाला हिशेब द्या, बाटली देऊ नका. या औषधांत बऱ्याचदा मॅलाकाइट ग्रीन असतं. खाण्याच्या माशांवर ते वापरायला अनेक देशांत बंदी आहे. हातमोजे घाला, सुटी पूड घरात आणूच नका, बाटली कुलपात ठेवा. आणि त्या सिरिंजवर मार्करने ठळक ‘मासे’ लिहा, म्हणजे ती खोकल्याच्या औषधाच्या सिरिंजमध्ये मिसळणार नाही.