डॉक्टरांपासून काय लपवायचे?



डॉक्टर विचारतात, "दारू घेता का?" आपण म्हणतो, "कधीतरी, सणासुदीला." शेजारी बसलेली पत्नी बोलायला जाते, पण आपल्या एका नजरेने गप्प होते. डॉक्टर केसपेपरवर "क्वचित" असे लिहितात आणि त्या एका शब्दावर पुढचा उपचार ठरतो.

आपल्याला लाज वाटते. दवाखान्यातली नर्स आपल्याच गावची असते आणि गोष्ट रविवारच्या मिस्सापर्यंत पोहोचेल अशी धास्ती असते. पण रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही दारूमुळे होणाऱ्या मानसिक आजाराच्या रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. फादरांपुढे पापनिवेदन करतो, मग डॉक्टरांपुढे जीभ का अडखळते? (फादरांनाही आपण आकडा कमीच सांगतो, ते सोडा.)

न सांगण्याने काय होते ते पाहू. रोज पिणारा माणूस पाय मोडून इस्पितळात दाखल होतो. दारू अचानक बंद होते. ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, घरची माणसे ओळखू येत नाहीत. नातेवाईक म्हणतात, ऑपरेशनने डोक्यावर परिणाम झाला. कोणी बाहेरची बाधाही म्हणते. वेळीच उपचार न मिळाल्यास यात जीवही जातो. डॉक्टरांना आधी ठाऊक असेल तर योग्य औषधे आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने वेळेवर देता येतात.

म्हणूनच उपवासकाळात नवस करून एका रात्रीत दारू सोडणाऱ्यांना आमची विनंती आहे: निश्चय चांगलाच आहे, पण रोजची सवय असेल तर आधी डॉक्टरांना भेटा.

औषधांचेही तसेच. झोपेच्या गोळ्यांवर दारू घेतली तर श्वास मंदावतो. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

सांगताना "थोडी" म्हणू नये, माप सांगावे. "रोज एक क्वार्टर, रविवारी दोन. शेवटची काल रात्री नऊला." सकाळी उठल्याबरोबर लागते का, पूर्वी सोडली तेव्हा काय झाले, हेही सांगावे. तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावे. घरच्यांनी डॉक्टरांना वेगळे भेटून सांगितले तर ती चहाडी नव्हे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी डॉ. बॉब स्मिथ स्वतः शल्यविशारद होते, आणि तेही कित्येक वर्षे लपवून पीत होते.

एखादा डॉक्टर रागावेलही. मग दुसऱ्याकडे जावे, किंवा व्यसनमुक्तीसाठीच्या १४४४६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा.