थुंब्याचा अग्निबाण

केरळात तिरुवनंतपुरम शहराजवळ थुंबा नावाचे गाव आहे. माडाची झाडे, वाळू, होड्या, जाळी. आपल्या कोकणातल्या कोळीवाड्यासारखेच म्हणा ना!

१९६२ साली विक्रम साराभाई नावाचे शास्त्रज्ञ अग्निबाण उडवायला जागा शोधत होते. दिवाळीतला बाण आपण पाहतो. मागून जाळ निघतो, बाण पुढे जातो. अग्निबाण तसाच, पण मोठा. त्याच्या टोकात यंत्रे ठेवतात.

मग थुंबाच का? पृथ्वी हे एक मोठे लोहचुंबक आहे. त्याची मधली रेषा थुंब्याजवळून जाते. त्या रेषेवर, सुमारे १०० किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा प्रवाह वाहतो. तिथवर फुगा पोचत नाही, अग्निबाण पोचतो.

पण त्या जागेवर मच्छीमारांची घरे होती, चर्च होते. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपांनी रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्या लोकांनाच विचारले. लोक हो म्हणाले. ही हकीकत अब्दुल कलाम सांगत असत. मंडळी, राहते घर सोडणे सोपे नसते. धरणाखाली ज्यांचे गाव गेले, त्यांना विचारा.

चर्चमध्ये प्रयोगशाळा झाली. बिशपांच्या घरात कचेरी आली. अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेत. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला बाण उडाला. तो अमेरिकेचा होता. १९६७ साली आपला स्वतःचा बाण उडाला. त्याची जाडी अवघी चार बोटे! पुढे या केंद्राला साराभाईंचे नाव मिळाले. उपग्रह वर नेणारे मोठे बाण येथेच आखले गेले. ते आंध्र प्रदेशातील श्रीहरिकोटा येथून उडतात. अशाच एका बाणाने २००२ साली 'कल्पना-१' हा हवामान पाहणारा उपग्रह वर नेला.

याचा गरिबाला काय उपयोग? ऐका. १९९९ साली ओडिशात चक्रीवादळ झाले. सुमारे १०,००० माणसे गेली. २०१३ साली तेथे पुन्हा मोठे वादळ आले. ते समुद्रावर असतानाच उपग्रहांतून दिसले. सरकारने लाखो लोकांना आधीच हलवले. या वेळी शंभर माणसेही गेली नाहीत.

पण २०१७ साली ओखी वादळाचा इशारा उशिरा पोचला. तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावरचे कितीतरी मच्छीमार आधीच समुद्रात गेले होते. पुष्कळ जण परत आलेच नाहीत. ज्या किनाऱ्याने जागा दिली, तेथेच हे घडले! त्यानंतर भर समुद्रात उपग्रहावरून निरोप पोचवणारे यंत्र तयार झाले.

तेव्हा ध्यानात ठेवा. वरून कळलेली गोष्ट माणसाच्या कानी वेळेवर पडली, तरच तिचा उपयोग. तुम्हाला आता वाचता येते. चावडीवर हवामानाचा इशारा लागला, तर तो वाचा. आणि ज्याला वाचता येत नाही, त्याच्या घरी जाऊन सांगा.

सांगा पाहू :
१. अग्निबाणासाठी थुंबा हीच जागा का निवडली?
२. ओडिशात २०१३ साली माणसे कशी वाचली?
३. तुमच्या गावात वादळाचा इशारा कोण देतो? तो सर्वांना कळतो का?