विहिरीवरील रिकामे इंजिनघर व हिवाळ्यातील करडांचा निवारा

मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत करडे दगावतात, ही गोष्ट शेळ्या बाळगणाऱ्या कुटुंबास नवी नाही. पहाटे उठून पाहावे तो कोपऱ्यात एखादे करडू ताठ होऊन पडलेले असते, आणि 'थंडीने गेले' एवढे म्हणून मंडळी आपापल्या कामास लागतात. आमच्या मते हे कारण अर्धेच खरे आहे. अंग कोरडे व पोट भरलेले असेल तर दहा-पंधरा दिवसांचे करडू आपल्याकडील पुष्कळशी थंडी सोसते. ओले अंग, जमिनीलगतचा वारा आणि कोंडलेली हवा यांची जोड मिळाली म्हणजे तीच थंडी जीवघेणी होते. म्हणून हिवाळी निवारा बांधताना ऊब आणण्यापेक्षा ओल, वारा व घाण हवा दूर ठेवण्याचा विचार आधी करावा.

हा निवारा नवा बांधण्याची बहुतेक ठिकाणी गरज नाही. ज्या जुन्या विहिरींवर पूर्वी तेलाचे इंजिन चाले, तेथे त्यासाठी एक दगडविटांची खोली बांधलेली असे. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. पुढे वीज खेडोपाडी पोहोचत गेली तशी इंजिनांची जागा मोटारीने घेतली, व आता तर पाणबुडी मोटार विहिरीच्या तळाशीच बसते. इंजिन मोडीत गेले, खोली मात्र उभी राहिली. महसुली नोकरीत पीकपाहणीच्या निमित्ताने आम्हांस अशी कितीतरी इंजिनघरे पाहावयास मिळाली. भिंती शाबूत, छप्पर बरे, आणि आत फुटके पाइप, युरियाच्या गोण्या व कोंबड्यांनी घातलेली घाण, असा त्यांचा सर्वसाधारण थाट असतो. गावनमुना बाराच्या रकान्यात 'इंजिन' लिहिलेले, आणि जागेवर इंजिनाचा पत्ता नाही, हेही पुष्कळदा दिसे. पण तो निराळा विषय आहे.

अशी खोली सामान्यतः १० फूट लांब व १२ फूट रुंद, म्हणजे १२० चौरस फूट भरते. व्यालेल्या शेळीस पिलांसह सुमारे २० चौरस फूट जागा लागते, व तीन महिन्यांपर्यंतच्या सुट्या करडास सुमारे ४ चौरस फूट पुरते. या मानाने चार व्यालेल्या शेळ्या ठेवून उरलेल्या जागेत दूध तुटत आलेली आठ-दहा करडे वेगळी कोंडता येतात. दहा-बारा शेळ्यांच्या खिल्लारास एवढे पुरे होते, कारण सर्व शेळ्या एकाच आठवड्यात वीत नाहीत. शेळीचा गाभण काळ सुमारे १५० दिवसांचा. आषाढात फळलेली शेळी मार्गशीर्षात विते, हा हिशेब ध्यानात ठेवून दिवाळीच्या सुमारास खोलीच्या कामास हात घालावा, म्हणजे पहिले करडू येईपर्यंत चुना सुकून जागा तयार असते.

कामाचा आरंभ खोली रिकामी करण्यापासून होतो, आणि येथेच सर्वांत अधिक दक्षता पाहिजे. इंजिनघरात खते व औषधे ठेवण्याची आपली रीत आहे. सांडलेला युरिया शेळीने चाटला तर तिच्या पोटात त्याचा झपाट्याने अमोनिया बनतो व थोड्याच वेळात तडफडून जनावर मरते.  गोण्या हलवून फरशी झाडली एवढ्याने भागत नाही. गोणीखालची माती खरवडून काढावी, भिंतीचा खालचा भाग धुऊन घ्यावा, व धुण्याचे पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नये. कीटकनाशकाची बाटली ज्या खोलीत फुटली किंवा गळली असेल, त्या खोलीचा मोह आम्ही तरी सोडण्यास सांगू. जमीन खणून टाकली तरी भिंतीत काय मुरले आहे ते डोळ्यांस दिसत नाही.

त्यानंतर तेलाचा प्रश्न येतो. वर्षानुवर्षे डिझेल व वंगण सांडून इंजिनाभोवतीची जमीन काळी झालेली असते. करडांस जे दिसेल ते चाटण्याची व कुरतडण्याची खोड असते. तेल पोटात गेले तर जुलाब होतात, आणि श्वासाबरोबर फुप्फुसात उतरले तर त्यातून वाचणे कठीण. जमीन मातीची असेल तर काळी माती जेथवर लागते तेथवर, निदान सहा इंच, खणून शेताबाहेर टाकावी आणि कोरडा मुरूम भरून चोपून घ्यावा. शहाबादी फरशी असल्यास प्रथम लाकडाचा भुसा पसरून तेल शोषून घ्यावे, मग धुण्याचा सोडा व कढत पाणी घेऊन दोन-तीन वेळा घासावे. तेलाने माखलेला भुसा उकिरड्यात मिसळू नये.

इंजिन ज्यावर बसविले होते तो सिमेंटचा ओटा फोडण्याच्या भरीस पडू नये. त्यातून वर आलेले बोल्ट तेवढे बुडाशी कापून घासून घ्यावेत. करडास उंचावर उड्या मारण्याची फार हौस. हा ओटा त्यांस खेळावयास आयता मिळतो, व ज्या करडाने ओट्यावर चढणे सोडले ते आजारी पडत आहे, अशी खूणही त्यापासून मिळते. मात्र चाकासाठी व पट्ट्यासाठी केलेला खड्डा मुरुमाने बुजवून टाकावा, कारण त्यात ओल साठते आणि लहान करडू अडकते.

विहिरीच्या बाजूस जी खिडकी अथवा दार असते, ते विटांनी कायमचे बंद करावे. फळी ठोकून वेळ मारून नेऊ नये. कठडा नसलेल्या विहिरी आपल्याकडे कमी नाहीत, आणि आईच्या ओरडण्याकडे धावणारे करडू पुढे काय आहे ते पाहत नाही. तसेच मोटारीचा स्टार्टर, फ्यूज व तारा पुष्कळदा याच खोलीत असतात. त्या हलवून बाहेरच्या भिंतीवर कुलूपबंद पेटीत बसवाव्या, व हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. शेळी मागच्या पायांवर उभी राहून चांगली उंच पोहोचते, हे विसरू नये.

आता हवेविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बहुतेकांचा गोंधळ येथेच होतो. थंडी वाजते म्हणून खोलीची सर्व भोके चिंध्यांनी बुजविली, तर रात्रभर जनावरांचा श्वास व मूत्र यांची वाफ आत कोंडते, ती थंड पत्र्यास लागून पाणी होते व पहाटे करडांच्या अंगावर ठिबकते. अमोनियाच्या वासाने त्यांच्या श्वासनलिका सुजतात आणि फुप्फुसाचा दाह होऊन ती मरतात. बाहेरच्या थंडीपासून वाचविलेले करडू असे आत मरते. उपाय सोपा आहे. जमिनीपासून ४ फूट उंचीपर्यंत भिंतीत एकही फट राहू देऊ नये, आणि त्याच्या वर, वळचणीखाली, समोरासमोरचे झरोके उघडे असू द्यावेत. गरम झालेली घाण हवा वरून निघून जाते व करडांच्या अंगाला वारा लागत नाही. आपल्या पठारावर हिवाळ्यातील बोचरा वारा बहुधा उत्तरेकडून व पूर्वेकडून येतो, म्हणून त्या बाजूंच्या झरोक्यांवर रात्री गोणपाट सोडावे व दक्षिणेकडील मोकळे ठेवावे. हवा बरी आहे की नाही हे उभ्याने कळत नाही. पहाटे दार उघडताच उकिडवे बसून करडाच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर झरोके वाढवावेत आणि बिछाना बदलावा.

छप्पर पत्र्याचे असल्यास त्यावर उसाचे पाचट वीतभर पसरून दोरीने बांधावे, व शक्य तर आतून बांबूचा तट्टा लावावा. त्याने ठिबक थांबते. सिमेंटचे जुने पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते कापू किंवा भोकू नयेत, त्यांची धूळ माणसाच्या फुप्फुसास घातक आहे.

निफाड, सिन्नर, जुन्नर या भागांत उसातील बिबट्याचे भय कोणास सांगावयास नको. झरोक्यांस मजबूत लोखंडी जाळी व दारास आतून-बाहेरून अडसर हवाच. सडक्या दारावर जाड पडदा टाकून समाधान मानणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांची करडे थंडीपासून वाचली, बिबट्यापासून वाचली नाहीत.

खाली गव्हाचा भुसा अथवा कुटलेले पाचट चार ते सहा इंच पसरावे, त्याआधी जमिनीवर चुन्याची भुकटी शिंपडावी. रोज वरचे ओले तेवढे काढून कोरडे घालीत गेल्यास खालचा थर दाबून बसतो व जमिनीचा गारवा वर येऊ देत नाही. बांबूचे माचण पावसाळ्यात उत्तम, पण हिवाळ्यात नुकत्या जन्मलेल्या करडास आम्ही ते योग्य समजत नाही, कारण पट्ट्यांच्या फटींतून खालचा वारा थेट पोटाला लागतो. करडे एकमेकांच्या अंगावर ढीग करून निजली तर बिछाना कमी आहे असे समजावे. ती जोडीजोडीने, पाय पोटाशी घेऊन, स्वस्थ निजली म्हणजे निवारा साधला.

एका गोष्टीविषयी मात्र आम्ही सक्त मनाई करू. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याचे घमेले कदापि ठेवू नये. निफाडकडे पारा कित्येक वर्षी ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो, व द्राक्षबागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवितात. तीच युक्ती येथे करण्याचा मोह होतो. बाग उघड्यावर असते, खोलीला भिंती असतात. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो, आणि करडांबरोबर राखणीस निजलेला माणूसही सकाळी उठत नाही. भुशाजवळ तापणारा विजेचा दिवा टांगणे हेही आगीस आमंत्रण होय.

खोली उत्तम केली तरी जन्मानंतरचा पहिला तास हातचा घालविला तर सर्व व्यर्थ. करडू पडताच तोंड-नाक साफ करून कोरड्या गोणपाटाने अंग खसखसून पुसावे, नाळेस आयोडीन लावावे, आणि तासाभरात चीक पाजावा. पहिल्या दिवसात वजनाच्या दशांश चीक पोटात गेला पाहिजे, म्हणजे दोन किलोच्या करडास २०० ग्रॅम, तीन-चार वेळा मिळून. उस्मानाबादी शेळीस जुळे होणे नेहमीचेच. त्यातले दुबळे करडू सडापर्यंत पोहोचत नाही, आणि सकाळी मेलेले सापडते ते बहुधा हेच. त्याच्याकडे रात्रीतून दोनदा कंदील घेऊन जावे. करडाचे अंगमान सुमारे ३९ अंश सेल्सिअस असते. ते ३७ च्या खाली गेले, तोंडात बोट घातले असता आत थंड लागले व ते चोखेनासे झाले, तर घशात दूध ओतू नये. दूध फुप्फुसात जाते. प्रथम अंग कोरडे करून, कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटल्यांनी ऊब द्यावी व पशुवैद्यास बोलवावे.

गाभण शेळीस विण्यापूर्वी चार ते सहा आठवडे आंत्रविषाराची लस टोचून घेतल्यास तिच्या चिकातून करडांस काही काळ संरक्षण मिळते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात याची चौकशी वेळीच करावी.

दिवसा करडांस खोलीत डांबून ठेवू नये. ऊन चांगले वर आले, गवतावरचे दव सुकले, म्हणजे त्यांस बाहेर सोडावे आणि दार-झरोके सताड उघडून बिछाना उलथापालथा करावा. दव असलेला कोवळा घास लहान करडांस घालू नये. पाणी विहिरीचे ताजे उपसलेले असेल तर ते पहाटेस कोमटच असते, तेच द्यावे; रात्रभर बादलीत राहिलेले नको.

दाराच्या आतल्या बाजूस खिळ्याला एक वही टांगावी, ही आमची कारकुनी सवय समजा हवे तर. शेळीचा नंबर, विण्याची तारीख, करडांची संख्या, वजन, आणि मेले असल्यास कोणत्या दिवशी व कोणत्या खुणा दिसल्या, एवढे पाच रकाने पुरेत. दोन हिवाळ्यांत कोणत्या शेळीची करडे वारंवार दगावतात, व कोणत्या कोपऱ्यातली दगावतात, हे त्या वहीत स्पष्ट दिसते. कोपरा असेल तर भिंतीची फट शोधावी. शेळी असेल तर तिला विकावे.

होळीनंतर बिछाना तळापासून काढून खताच्या खड्ड्यात टाकावा, भिंतींस चुना द्यावा, आणि खोली दोन महिने उन्हात मोकळी राहू द्यावी. त्या काळात युरियाची एकही गोणी पुन्हा आत येणार नाही, याकडे घरातील कर्त्या माणसाने स्वतः लक्ष ठेवावे.