पाडव्याला गाडी घेण्यापूर्वी

कोल्हापूर,
१० ऑक्टोबर २०२५

चि. मेघना हिस,


तुझ्या आईकडून कळलं. क्लच, पुढचे शॉकअप, बुश आणि चारही टायर मिळून गॅरेजवाल्याने ४८ हजार सांगितलेत. गाडी विकली तर दीड लाखाच्या वर कोणी देत नाही. मग तिच्या किमतीचा तिसरा हिस्सा दुरुस्तीत कशाला घालायचा, पाडव्याला नवीच घेऊ, असं तुमचं दोघांचं चाललं आहे. ठरवण्याआधी हे पत्र जावईबापूंनाही वाचायला दे.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विक्रीच्या किमतीशी ताडून पाहायचा नसतो. नवी गाडी वर्षाला केवढ्याला पडेल, त्याच्याशी ताडायचा. आठ लाखांची पेट्रोल गाडी धर. आपल्या राज्यात तिला ११ टक्के रस्ता कर, म्हणजे ८८ हजार. सात लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलंस तर हप्ता साडेचौदा हजारांच्या घरात, आणि व्याज सुमारे १ लाख ७२ हजार. विम्याच्या कोष्टकात पाच वर्षांची गाडी निम्म्या किमतीची धरतात, म्हणजे चार लाखांची घट. बेरीज होते ६ लाख ६० हजार. वर्षाला १ लाख ३२ हजार झाले, आणि यात पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग काहीच धरलेलं नाही. तुझी जुनी गाडी वर्षभरात आणखी दहा-पंधरा हजारांनी उतरेल, तेही ४८ हजारांत मिळव. तरी फरक केवढा राहतो बघ. शिवाय आज टाकलेले टायर आणि क्लच एका वर्षात संपणार नाहीत.

२२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, म्हणून शोरूमवाले घाई करतात. पण तो कराचा दर आहे, सणाची सवलत नव्हे. पाडवा उलटला म्हणून तो जात नाही.

क्लचप्लेट, टायर, बुश या झिजायच्याच वस्तू. त्या झिजल्या म्हणजे गाडी संपली असं नाही. गाडी संपते ती इंजिनात आणि पत्र्यात. सकाळी गार इंजिन सुरू करताना मागे निळा धूर येतो का, दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑईल वर घालावं लागतं का, कूलंट कुठे गळत नसतानाही कमी होतं का, हे बघ. कॉम्प्रेशन तपासून घे. तुमच्या चिपळूणच्या दमट हवेत पत्र्याची काळजी जास्त. गाडी लिफ्टवर चढवून दाराखालचा पत्रा आणि शॉकअप जिथे बसतात ती जागा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघायला सांग. वरवरचा गंज घासून रंगवता येतो. स्क्रू ड्रायव्हर आत गेला तर मात्र त्या गाडीवर एक रुपयाही घालू नकोस.

आणखी एका गोष्टीत पैशाचा हिशेब चालत नाही. तू २०१५ साली वरचं मॉडेल घेतलंस, म्हणून तुझ्या गाडीत दोन एअरबॅग आणि एबीएस आहे. त्या काळातल्या पुष्कळ गाड्यांत यातलं काहीच नव्हतं, आणि नंतर बसवून घेण्याची ती वस्तूही नव्हे. तशी गाडी असती, तर लेकराला घेऊन पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरणाऱ्या तुला मी आजच ती बदलायला सांगितलं असतं, मग इंजिन कितीही गोड चालत असो.

म्हणून माझं मत असं. पत्रा आणि इंजिन धड असेल तर गाडी ठेव. दुरुस्ती पूर्ण कर, अर्धवट नको. ब्रेक ऑईल बदल. पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील तपासून घे, कारण आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी तुझी गाडी बनलेली नाही. अ‍ॅव्हरेज थोडं कमी मिळेल, ते धरून चाल. आणि जो हप्ता भरायला तयार होतीस, त्यातले दरमहा दहा हजार आवर्ती ठेवीत टाक. २०३० साली पासिंगची पंधरा वर्षं संपतील. दिल्लीसारखी बंदी आपल्याकडे नाही, पण फिटनेस तपासणी, नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर हे सगळं येईल. बदलायची ती वेळ. तोपर्यंत निम्म्याहून जास्त रक्कम हाताशी असेल.

पत्रा सडलेला निघाला तर मात्र विक, आणि घेणाऱ्याला तो दाखवून विक. एजंटच्या शब्दावर राहू नकोस. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी बुक दुसऱ्याच्या नावावर झालं की नाही, ते स्वतः बघ. नाव तुझंच राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाई नोंदणीकृत मालकावर येते, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे. क्लेम न केल्याची विम्यातली सूट गाडीची नसते, तुझी असते. कंपनीकडून तसं पत्र घे आणि नव्या गाडीच्या विम्यात ती लावून घे. जुनीच दुसरी घ्यायचा विचार आला, तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ दिसते का बघ. २२ जुलै २०२१ च्या पुरात तुमच्या गावात किती गाड्या बुडाल्या ते तू पाहिलंच आहेस. पाण्यात राहिलेलं वायरिंग कधी दगा देईल, सांगता येत नाही.

शेजारी काय घेतात आणि नातेवाईक काय म्हणतात, याचा या निर्णयाशी संबंध नाही. गाडी वेळेवर सुरू होते, धड थांबते आणि घरच्यांना सुखरूप आणते, तोवर तिची लाज वाटण्याचं कारण नाही. या आठवड्यात ती लिफ्टवर चढव आणि काय निघालं ते मला फोनवर कळव. त्याआधी कुठेही बुकिंगचे पैसे भरू नकोस.

जावईबापूंना नमस्कार, लेकराला गोड पापा.

तुझा,
मामा