शाळेच्या ई-मेलची जुनी किल्ली : रिमोट पॉवरशेल



दहावीची मुलं बाहेर पडली की त्यांची ई-मेल खाती बंद करायची, पाचवीत आलेल्यांची नवी उघडायची. दोनशे खाती एकेक करून कोण बसणार? म्हणून संगणकाचं काम पाहणारे सर आज्ञांची एक फाइल तयार करतात आणि घरूनच चालवतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ऑनलाइन सेवेत हे काम बरीच वर्षे रिमोट पॉवरशेलने होत असे. २०२३ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद झाले. पॉवरशेल आहेच, आत जाण्याचा रस्ता बदलला.

जुनी पद्धत म्हणजे फोन लावून तो चालूच ठेवण्यासारखी. सर्व्हरशी एक जोडणी उघडायची आणि सगळ्या आज्ञा तिच्यातूनच पाठवायच्या. मध्येच नेट गेलं की बसा मोजत, दोनशेपैकी किती खाती झाली! नव्या पद्धतीत प्रत्येक आज्ञा स्वतंत्र विनंती म्हणून जाते. किरकोळ अडथळा आला तर तेवढीच विनंती पुन्हा पाठवली जाते.

पण खरी गोष्ट पासवर्डची आहे. जुन्या 'बेसिक' पद्धतीत नाव आणि पासवर्ड दिला की दार उघडे. मोबाइलवर येणारा दुसरा कोड कोणी मागतच नसे. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत ऑक्टोबर २०२२ पासून बंद करायला घेतली. आता तुम्ही म्हणाल, मग प्रश्न मिटला. नाही मिटला.

आधीच्या सरांकडून हे काम माझ्याकडे आलं तेव्हा त्यांची फाइल उघडून पाहिली. तिसऱ्याच ओळीत अ‍ॅडमिनचा पासवर्ड, सरळ वाचता येईल असा! आणि फाइल लॅबच्या सामायिक फोल्डरमध्ये. आठवीतला कोणताही मुलगा ती उघडू शकला असता. अ‍ॅडमिनच्या हाती काय असतं ठाऊक आहे ना? तो स्वतःला कुणाच्याही मेलबॉक्सची परवानगी देऊ शकतो. म्हणजे तुमच्या मुलीची मेलसुद्धा वाचू शकतो.

जुनी फाइल चालत नाही म्हणून ती तशीच पडून राहते, पण त्यातला पासवर्ड मात्र बदललेला नसतो. मला जास्त भीती याचीच वाटते.

तुमच्या शाळेतल्या फायलींत 'न्यू-पीएससेशन' किंवा 'इम्पोर्ट-पीएससेशन' हे शब्द शोधा. सापडले तर आधी पासवर्ड बदला, मग बाकीचं. त्यानंतर नव्या मॉड्यूलची तिसरी आवृत्ती घेऊन 'कनेक्ट-एक्स्चेंजऑनलाइन' या आज्ञेने जोडणी करा. लॉगिनची खिडकी उघडते, फाइलमध्ये पासवर्ड लिहावाच लागत नाही. रात्री आपोआप चालणारं काम असेल तर पासवर्डऐवजी प्रमाणपत्र वापरता येतं. ते जरा किचकट आहे, जाणकाराला सोबत घ्या.

आणि हो, पेनड्राइव्हवरच्या प्रतीही शोधा. आमच्याकडे दोन निघाल्या, एक तर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.