आधी बिल वाचा, मग खरेदी करा

शंका : बिल ३०० युनिटच्या पुढे गेलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, असं शेजारी सांगतात. म्हणून रात्री सगळे चार्जर काढून ठेवतो, दिवे मोजून लावतो. तरी बिल हलत नाही. – एक वाचक, पाथर्डी फाटा

समाधान : शेजाऱ्यांचा समज चुकीचा आहे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, पुढे आणखी जास्त. ३१० युनिट झाले तर फक्त वरच्या १० युनिटना पुढच्या टप्प्याचा दर. पण यातच एक गंमत आहे. तुम्ही वाचवता ते युनिट नेहमी सर्वांत वरचं, म्हणजे सर्वांत महाग असतं.

आता चार्जर. फोन न लावता नुसता प्लगमध्ये राहिलेला चार्जर महिनाभरात पाव युनिटही खात नाही. सेट-टॉप बॉक्स मात्र रिमोटने बंद केला तरी जागाच असतो. दहा वॅट धरले तरी महिन्याला सात युनिट होतात. तो भिंतीवरच्या बटणाने बंद करा आणि चार्जरला माफी द्या.

खरा खर्च पाणी तापवण्यात, हवा गार करण्यात आणि पंख्यात आहे. १५ लिटरच्या गिझरला २० अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला सुमारे पाऊण युनिट आणि वीस-बावीस मिनिटं लागतात. त्यात तेवढंच विसण घातलं की ३० लिटर ऊन पाणी, म्हणजे दोन बेताच्या बादल्या होतात. पण आपल्याकडे पहाटे पाचला गिझर लावतात आणि शेवटची आंघोळ नवाला होते. मधल्या वेळात टाकी थंडावते, गिझर पुन्हा पेटतो. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत तर जास्तच. आंघोळी लागोपाठ उरका, थर्मोस्टॅट ५० वर आणा.

पंख्याचं गणितही करून पाहा. जुना ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट, ३० वॅटचा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वेळात ११. पण म्हणून घरातले सगळे पंखे एकदम काढू नका. सर्वांत जास्त फिरतो तो, बहुतेक हॉलमधला, आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून पैसे कधी सुटायचे?

शंका : आरओचं पाणी वाया जातं, जीव तुटतो. झाडांना घातलं तर चालेल? – गृहिणी, इंदिरानगर

समाधान : चालेल की नाही, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, तुम्हाला आरओ हवाच का? नाशिकला महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर आणि मुकणे धरणांतून येतं. धरणाच्या पाण्यात क्षार मुळात कमी असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. टीडीएस याहून कमी असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलं होतं. आणि आरओ एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर सहज सांडतो.

टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो, सोसायटीत एकाने घेतला तरी पुरे. थेट नळाचं पाणी मोजा. आकडा ५०० च्या बराच खाली असेल तर यूव्ही किंवा उकळलेलं पाणी पुरेल. तुमच्याकडे बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर गोष्ट वेगळी. मग आरओ ठेवा. सांडपाण्याची नळी बादलीत सोडा, फरशी पुसा, संडासात ओता. कुंड्यांना मात्र रोज नको, क्षार मातीत साठत जातात.

शंका : माठात ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं. वास येतो, आत अळ्या वळवळतात. सासूबाई म्हणतात, टाकून दे घंटागाडीत. – सिडको

समाधान : सासूबाईंना आठवडाभर थांबायला सांगा. आतला मूठभर माल हातात घ्या, हवं तर हातमोजा घालून, आणि दाबा. बोटांतून पाणी गळलं तर ओल जास्त झाली आहे. वास त्याचाच. कचऱ्याच्या दुप्पट वाळका पाला किंवा नारळाचा भुसा मिसळा, काठीने खालीवर करा, हवा आत जाऊ द्या. वर पाल्याचा थर हवाच. शिळी भाजी, आमटी ओतत असाल तर ते थांबवा. अळ्या मातकट, जाडसर असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या, कचरा खाऊन खतच करतात. किळस येते हे मान्य, अपाय नाही. बसलेलं खत काळं, भुसभुशीत होतं आणि त्याला पावसाळी मातीचा वास येतो. तोवर सुका कचरा घंटागाडीत वेगळा द्यायचा, हे आहेच.

शंका : सिलिंडर लवकर संपतो. इंडक्शन घ्यावी का? – जेल रोड

समाधान : इंडक्शनचं नंतर पाहू, आधी आहे तो गॅस नीट वापरा. डाळ अर्धा तास भिजवा, कुकरच्या डब्यांत डाळ-भात एकत्र लावा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक. मोठ्या आचेवर पुढच्या शिट्ट्या होतात त्यात फक्त वाफ उडते, डाळ लवकर शिजत नाही. ज्योत पिवळी दिसत असेल तर बर्नरची छिद्रं साफ करून घ्या.

शंका : गच्चीवर सौर पॅनेल बसवावेत का? सरकार पैसे देतं ना? – गंगापूर रोड

समाधान : देतं. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तीला ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चारेक युनिट देतं. तुमचा महिन्याचा वापर ९० युनिट असेल तर घाई नको. साडेतीनशेच्या आसपास असेल तर जरूर घ्या, पण वर सांगितलेला गिझर-पंख्याचा हिशेब आधी उरका, म्हणजे कदाचित पॅनेलच कमी लागतील.

यापुढे विजेविषयी लिहिताना ग्राहक क्रमांक झाकून बिलाची प्रत जोडा. मागच्या महिन्यांचा वापर त्यावर छापलेला असतो. तो पाहिल्याशिवाय दिलेला सल्ला अंदाजपंचेच ठरतो.